कार्ड येईपर्यंतचे तीन महिने

जानेवारीतल्या एका सोमवारी ओपीडीतली गर्दी ओसरत आली असताना एक ओळखीचे काका आत आले. वय ६७, एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य काढलेले. गेल्या जूनमध्ये ते आणि काकू माझ्याकडून तीन महिन्यांची औषधं लिहून घेऊन कॅनडाला गेले होते. मुलगा तिथे बरीच वर्षं आहे. आईवडिलांना कायमचं बोलावून घेण्यासाठी त्याने अर्ज केला, काही वर्षं वाट पाहिली आणि अखेर दोघांनाही कायम वास्तव्याचा परवाना, ज्याला सगळे ‘पीआर’ म्हणतात, तो मिळाला. निघण्याआधी काकूंनी वॉर्डातल्या सिस्टरांनाही पेढे वाटले होते.

या वेळी काकांच्या हातात फाइल होती. सर्वांत वर इकोचा रिपोर्ट. हृदयाची रक्त बाहेर फेकण्याची क्षमता ३५ टक्के. निरोगी माणसात ती साधारण ५५ टक्क्यांच्या वर असते.

काय झालं ते त्यांनी सावकाश सांगितलं. ९ जुलैला ते व्हँकुव्हरला उतरले. त्या प्रांताचा, म्हणजे ब्रिटिश कोलंबियाचा, सरकारी आरोग्य विमा त्यांना १ ऑक्टोबरपासून लागू होणार होता. मधल्या दिवसांसाठी मुलाने खासगी विमा काढला होता. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री काकांच्या छातीवर दडपण आलं, डावा हात भरून आला, घाम फुटला. ते उठून बसले, पाणी प्यायले आणि कुणालाही उठवलं नाही. “तिथं दवाखान्यात एका दिवसाचे हजारो डॉलर लागतात, असं ऐकलं होतं. म्हटलं, सकाळपर्यंत बघू,” ते म्हणाले. सकाळी मुलगा कामावर गेला. दुपारी काकूंनी त्यांचा चेहरा पाहून मुलाला फोन केला. रुग्णालयात पोहोचेपर्यंत बारा तास उलटून गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी लगेच अँजिओप्लास्टी केली. पैशांवरून कुणी अडवलं नाही, हे काकांनी दोनदा सांगितलं. जीव वाचला. पण त्या बारा तासांत हृदयाच्या स्नायूचा जो भाग निकामी झाला, तो परत येणार नव्हता.

दुसरा धक्का नंतर बसला. विमा कंपनीने दावा नाकारला. पॉलिसीत अट होती की विमा सुरू होण्यापूर्वीच्या ९० दिवसांत जुन्या आजाराच्या औषधांत काहीही बदल झालेला नसावा. काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र निघण्याच्या बारा दिवस आधी वाढवल्या गेल्या होत्या.

त्या मी वाढवल्या होत्या.

त्या दिवशी त्यांचं प्रेशर १६०/९६ आलं होतं. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाचं प्रेशर आटोक्यात आणणं हे माझं कामच होतं, आणि आजही मी तेच करीन. पण तिथला विमा कधी सुरू होतो, मधल्या दिवसांचं काय, कोणती पॉलिसी घेतली, हे मी विचारलं नाही. औषध बदललं ही गोष्ट विमा कंपनीला कळवायला हवी, हेही सांगितलं नाही. पंचवीस वर्षं सरकारी रुग्णालयात काम करूनही या अटीची मला कल्पना नव्हती. आपल्याकडून मुलाकडे, मुलीकडे, नोकरीसाठी, शिक्षणासाठी परदेशी जाणारी माणसं आता गावोगावी आहेत. त्यांच्यासाठी या तीन महिन्यांचा हिशेब मांडतो आहे.

थांबायला का लावतात?

‘वेटिंग पिरियड’ हा शब्द आपल्याला खासगी विम्यामुळे परिचयाचा आहे. आपल्याकडे नवी आरोग्य पॉलिसी घेतली की पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांचा खर्च मिळत नाही. आधीपासून असलेल्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. ही मर्यादा पूर्वी चार वर्षं होती, ती विमा नियामकाने २०२४ मध्ये कमी केली. यामागचा विचार साधा आहे. आजारी पडल्यावरच माणूस विमा घ्यायला लागला, तर विम्याचा धंदा चालणार नाही.

सरकारी आरोग्य विम्यात थांबायला लावण्यामागेही अशीच एक भीती असते: लोक फुकट उपचारांसाठी इथे येतील आणि बरे होऊन निघून जातील. म्हणून सरकार म्हणतं, आधी इथे राहायला आला आहात हे दिसू द्या.

कॅनडाचंच उदाहरण घेऊ, कारण तिथे हा नियम कायद्यातच लिहिलेला आहे. या देशातली सरकारी आरोग्य व्यवस्था जगभर वाखाणली जाते. १९४७ मध्ये सस्कॅचवान प्रांताने रुग्णालयातल्या उपचारांचा सार्वजनिक विमा सुरू केला आणि १९६२ मध्ये त्याच प्रांताने डॉक्टरांच्या फीचाही भार उचलला. पुढे तो विचार देशभर पसरला. १९८४ च्या ‘कॅनडा हेल्थ ॲक्ट’ने त्याला पक्कं रूप दिलं. मात्र आरोग्य हा तिथे प्रांतांचा विषय आहे. प्रत्येक प्रांताची योजना वेगळी, कार्ड वेगळं, नियमही थोडे वेगळे. केंद्राच्या कायद्याने घातलेल्या अटींपैकी एक अशी, की नव्याने राहायला आलेल्या माणसाला प्रांत तीन महिन्यांपेक्षा जास्त थांबायला लावू शकत नाही.

ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. त्यामुळे प्रांतागणिक चित्र बदलतं. ब्रिटिश कोलंबियात ज्या महिन्यात तुम्ही पोहोचता त्या महिन्याचे उरलेले दिवस आणि त्यानंतरचे दोन महिने थांबावं लागतं. म्हणून ९ जुलैला उतरलेल्या काकांचा विमा १ ऑक्टोबरला सुरू होणार होता. क्वेबेकमध्येही बहुतेक नवागतांना तीन महिन्यांपर्यंत थांबावं लागतं. पण गरोदरपण व बाळंतपणाशी संबंधित सेवा, घरगुती हिंसाचाराला बळी पडलेल्यांवरचे उपचार आणि सार्वजनिक आरोग्याला धोका असलेले संसर्गजन्य आजार यांना तिथे सवलत आहे. अल्बर्टात परदेशातून थेट राहायला आलेल्या पात्र माणसाने तीन महिन्यांच्या आत अर्ज केला, तर विमा आल्या दिवसापासून धरला जातो. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारियोने १९९४ मध्ये तीन महिन्यांची अट आणली होती. मार्च २०२० मध्ये, करोनाची साथ आल्यावर, ती काढून टाकली आणि नंतरही परत आणली नाही.

म्हणजे काका व्हँकुव्हरऐवजी टोरांटोच्या विमानातून उतरले असते, तर त्यांना या कारणासाठी थांबावंच लागलं नसतं. देश तोच, परवाना तोच आणि हृदयही तेच.

तर्क कुठे अडखळतो?

तीन महिन्यांच्या या नियमाला एक व्यवहारी कारणही आहे. कॅनडातलाच एखादा माणूस ओंटारियोतून ब्रिटिश कोलंबियात राहायला गेला, तर त्या तीन महिन्यांत त्याचा खर्च जुना प्रांत उचलतो. दोन प्रांतांमधला हा हिशेबाचा काळ आहे, आणि त्यात तो माणूस उघडा पडत नाही.

परदेशातून आलेल्याला मात्र मागे कोणताही ‘जुना प्रांत’ नसतो. सातारा किंवा नागपूर त्याचं व्हँकुव्हरमधलं बिल भरत नाही. आपल्याकडची आरोग्य पॉलिसीही साधारणपणे भारतातल्या उपचारांपुरतीच असते. त्यामुळे एकाच नियमाखाली एकाच्या डोक्यावर छप्पर राहतं आणि दुसऱ्याच्या डोक्यावर काहीच राहत नाही.

फुकट उपचारांसाठी लोक येतील ही भीतीही नीट तपासून पाहायला हवी. कायमच्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याची आधी वैद्यकीय तपासणी होते. छातीचा एक्स-रे, रक्ताच्या चाचण्या, जुन्या आजारांची नोंद हे सगळं पाहूनच परवाना मिळतो. शिवाय देश सोडून जाणारी माणसं बहुधा तरुण आणि धडधाकट असतात. त्यामुळे नव्याने आलेले स्थलांतरित हे सुरुवातीला स्थानिक लोकांपेक्षा सरासरीने जास्त निरोगी असतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. संशोधकांनी त्याला ‘निरोगी स्थलांतरिताचा परिणाम’ असं नावच दिलं आहे. वर्षं जातात तसा हा फरक कमी होत जातो.

याचा अर्थ खर्चाची चिंता खोटी असं नाही. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या योजनेला कुठेतरी रेष आखावीच लागते. प्रश्न एवढाच, की ती रेष कॅलेंडरवर आखली तर आजार ती पाळतो का?

शरीराचं कॅलेंडर

तीन महिने हा सरकारी कागदावर छोटा काळ आहे. डॉक्टरच्या टेबलावर तो छोटा नाही.

मधुमेहींची आम्ही एचबीए१सी ही चाचणी करतो. तिच्यातून आधीच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर कळते. म्हणजे त्या तीन महिन्यांत औषधं संपली, जेवणाच्या वेळा बिघडल्या, थंडीमुळे चालणं बंद झालं, तर पुढच्या चाचणीत ते सगळं उमटलेलं असतं. पायाला झालेली छोटी जखम मधुमेही माणसात तीन महिने थांबत नाही. ती पंधरा दिवसांत हाडापर्यंत जाऊ शकते.

गरोदर बाईसाठी तीन महिने म्हणजे एक तृतीयांश प्रवास. बाळातलं व्यंग पाहण्याची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास करायची असते, गरोदरपणातल्या मधुमेहाची चाचणी बहुतेक देशांत २४ ते २८ आठवड्यांत होते. या चाचण्यांना ठरावीक वेळ आहे. विमा सुरू झाल्यावर करू म्हटलं तर ती वेळ निघून गेलेली असते. गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबाकडे दोन-तीन आठवडे दुर्लक्ष झालं, तरी आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं.

तान्ह्या बाळाच्या लसी आपल्याकडे ६, १० आणि १४ आठवड्यांच्या असतात. क्षयरोगाचं उदाहरण आणखी वेगळं आहे. भारतातल्या अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्तावस्थेत असतात. स्थलांतरानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते जागे होण्याचा धोका जास्त असतो. खोकणाऱ्या माणसाने बिलाच्या धास्तीने दवाखाना टाळला, तर त्याच्याबरोबर घरातल्यांना आणि बसमधल्या शेजाऱ्यालाही धोका होतो. म्हणूनच क्वेबेक असे संसर्गजन्य आजार प्रतीक्षा काळातून वगळतं. ब्रिटनमध्येही क्षयाचं निदान आणि उपचार परदेशी पाहुण्यांसह सर्वांना मोफत आहेत.

आणि हृदयविकार? तिथे हिशेब मिनिटांत असतो. रक्तवाहिनी बंद झाल्यापासून ती उघडेपर्यंत जितका उशीर, तितका स्नायू मरतो. पहिले काही तास सोन्याचे असतात. काकांनी ते तास पलंगावर बसून, डॉलरचे रुपये करण्यात घालवले.

यातली खरी हानी इथे आहे. उपचार नाकारले जाणं क्वचित घडतं. गंभीर अवस्थेत आलेल्या माणसाला तिथले डॉक्टर सहसा हाकलत नाहीत. पण माणूस स्वतःच घरी थांबतो. आपल्या माणसावर खर्चाचा बोजा नको म्हणून आपली वडीलधारी मंडळी दुखणं लपवतात, हे आपल्याला इथेही ठाऊक आहे. परदेशात, मुलाच्या घरात, सुनेसमोर, भाषा येत नसताना, ती सवय दुप्पट होते. आणि थांबलेला आजार स्वस्त होत नाही. छोट्या तपासणीत भागलं असतं ते अतिदक्षता विभागात जातं.

इतर देशांत काय?

प्रत्येक देशाची रीत वेगळी आहे, आणि एका देशातला अनुभव दुसऱ्या देशाला लावण्यात मोठी फसगत होते.

ब्रिटनमध्ये थांबावं लागत नाही, पण आधी पैसे भरावे लागतात. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळाच्या व्हिसासाठी अर्ज करताना आरोग्य अधिभार भरावा लागतो. तो फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थी आणि १८ वर्षांखालच्यांना ७७६ पौंड आहे. व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचे पैसे अर्जाबरोबरच. पाच वर्षांचा व्हिसा असेल तर एका प्रौढ माणसाचे ५,१७५ पौंड. ते भरले की व्हिसाच्या काळात तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा स्थानिक नागरिकाप्रमाणेच मिळते. परिचारिका आणि डॉक्टरांसारख्यांना जो आरोग्य सेवकांचा व्हिसा मिळतो, त्यात हा अधिभार माफ आहे.

अमेरिकेत गोष्ट महिन्यांची नसून वर्षांची आहे. १९९६ च्या कायद्यानुसार ग्रीन कार्ड मिळालेल्या बहुतेकांना गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेसाठी पाच वर्षं थांबावं लागतं. मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना ही अट लावायची की नाही, हे ठरवण्याची मुभा २००९ पासून राज्यांना आहे. ज्येष्ठांसाठीच्या ‘मेडिकेअर’मध्ये रुग्णालयाचा भाग विनाहप्ता मिळण्यासाठी स्वतः किंवा जोडीदाराने साधारण दहा वर्षं तिथे काम करून कर भरलेला असावा लागतो. सत्तरीत मुलाकडे गेलेल्या आजोबांच्या नावावर असं काम नसतं. त्यांना हप्ता भरून मेडिकेअर घेता येतं, पण त्यासाठीही ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. तोपर्यंत खासगी विमा हाच मार्ग. ग्रीन कार्डधारकाला सरकारी विमा-बाजारातून पॉलिसी घेता येते आणि त्यात जुन्या आजाराचं कारण दाखवून नकार देता येत नाही, ही जमेची बाजू. मात्र नव्याने आल्यानंतर त्यासाठी ६० दिवसांची खिडकी असते. ती चुकली तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागू शकतं. १९८६ च्या कायद्याने तिथल्या आपत्कालीन विभागांना पैशांची चौकशी न करता रुग्णाला आधी स्थिर करणं बंधनकारक आहे. उपचार मिळतात, पण बिल नंतर घरी येतं.

जर्मनीत नोकरी लागली की सरकारी आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून सुरू होतो. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, आईवडील येत नाहीत. ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्यांना तिथल्या ‘मेडिकेअर’मध्ये नाव नोंदवता येतं. विद्यार्थ्यांना मात्र स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियाने काही देशांशी परस्पर आरोग्य करार केले आहेत, त्यांत भारत नाही.

पाहुणे आणि रहिवासी

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. नातवंडाच्या बाळंतपणाला सहा महिने जाणारी आजी ही त्या देशाच्या दृष्टीने पाहुणी असते. तिच्यासाठी सरकारी विम्याची प्रतीक्षा संपत नाही, कारण ती सुरूच होत नाही. कॅनडाचा ‘सुपर व्हिसा’ घेऊन आईवडील अनेक वर्षं ये-जा करू शकतात, पण त्यांना प्रांताचं आरोग्य कार्ड मिळत नाही. म्हणूनच त्या व्हिसासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आणि किमान एक वर्षाचा खासगी आरोग्य विमा सक्तीचा आहे. ब्रिटनमध्ये पाहुण्याला रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर आकारणी सरकारी दराच्या दीडपट होते.

विद्यार्थी हा तिसराच प्रकार. ओंटारियोत परदेशी विद्यार्थ्यांना प्रांताचा विमा मिळत नाही, विद्यापीठामार्फत वेगळा विमा असतो. ब्रिटिश कोलंबियात सहा महिन्यांपेक्षा जास्त काळाच्या परवान्यावरच्या विद्यार्थ्याला प्रांताच्या योजनेत यावं लागतं, पण प्रतीक्षा काळ त्यालाही आहे. “मित्राला तर पहिल्या दिवसापासून होतं,” असं म्हणणाऱ्या मुलाला विचारा: मित्र कोणत्या प्रांतात आहे, आणि कोणत्या परवान्यावर?

थोडक्यात, देशाचं नाव घेऊन ‘तिथं सगळं फुकट असतं’ किंवा ‘तिथं काहीच मिळत नाही’ असं म्हणू नये. तीन प्रश्न विचारावेत. कोणाला? कोणत्या तारखेपासून? कशाकशासाठी? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. कॅनडात कार्ड आल्यानंतरही रुग्णालयाबाहेर घ्यायच्या औषधांचा आणि चष्म्याचा खर्च बहुतेकदा वेगळाच करावा लागतो.

निघण्यापूर्वी

काकांच्या अनुभवानंतर मी परदेशी निघालेल्या प्रत्येक रुग्णाला काही गोष्टी सांगतो.

• डॉक्टरांकडे निघण्याच्या आठवड्यात जाऊ नका. चार-पाच महिने आधी जा. साखर, प्रेशर, थायरॉइड यांच्या औषधांत जो बदल करायचा तो तेव्हाच होऊ द्या. शेवटच्या दिवसांत बदल करण्याची गरज पडलीच, तर तो टाळू नका. पण विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.

• खासगी पॉलिसी निघण्यापूर्वीच घ्या आणि ती तिथे उतरल्या दिवसापासून सुरू होऊ द्या. पोहोचल्यावर घेतलेल्या अनेक पॉलिसींत आजारपणासाठी पहिले काही दिवस वगळलेले असतात. जुने आजार लपवू नका. ‘स्थिर आजार’ या शब्दाची व्याख्या पॉलिसीत किती दिवसांची आहे, ते वाचा किंवा मुलाकडून वाचून घ्या.

• औषधांची चिठ्ठी मूळ रसायनाच्या नावाने लिहून घ्या. आपल्याकडची कंपन्यांची नावं तिथल्या केमिस्टला कळत नाहीत. साधारण तीन महिन्यांपुरती औषधं, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा.

• गेल्या दोन-तीन वर्षांतले महत्त्वाचे रिपोर्ट, जुना ईसीजी, शस्त्रक्रियेची कागदपत्रं, लसीकरणाची नोंद यांचे फोटो मोबाइलमध्ये आणि मुलांकडेही असू द्या. दातांचं आणि डोळ्यांचं राहिलेलं काम इथेच उरका.

• पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात सरकारी विम्याचा अर्ज करा. प्रतीक्षा आहे म्हणून अर्जालाही थांबू नका. उशिरा अर्ज केल्याने अनेक ठिकाणी तारीख आणखी पुढे जाते.

• घरात गरोदर स्त्री असेल तर प्रवासाची तारीख आणि विम्याची तारीख शेजारी ठेवून पाहा. जमत असेल तर प्रवास पुढे-मागे करा.

• इथली आरोग्य पॉलिसी लगेच बंद करू नका. दोन वर्षांनी परत आलात, तर जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून मोजली जाईल, आणि तोवर वयही वाढलेलं असेल.

आणि मुलांना एक विनंती. आईवडील उतरले की पहिल्याच रात्री त्यांना स्पष्ट सांगा: छातीत दुखलं, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी वाटली, दम लागला, तर मला उठवायचं. पैशांचं मी बघीन. तुम्ही बोलला नाहीत तर ती माणसं स्वतःच हिशेब करत बसतात.

आपल्या दारातले नवे

हे सगळं परदेशाबद्दल लिहिताना मला माझा स्वतःचा वॉर्ड आठवत राहतो. तिथे इमारतीवरून पडलेला झारखंडचा मजूर असतो. साखर कारखान्याच्या तोडीवरून आलेली, रक्त अगदी कमी झालेली बाई असते. आम्ही उपचार सुरू करतो. पण मोठी शस्त्रक्रिया योजनेत बसवायची झाली की कागद लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी महाराष्ट्रातलं रेशनकार्ड किंवा अधिवासाचा दाखला हवा. आयुष्मान भारतचं कार्ड योजनेत सामील असलेल्या दुसऱ्या राज्यातही चालतं, पण मजुराचं कार्ड गावी पेटीत असतं किंवा काढलेलंच नसतं. फोटो मागवण्यात, नाव जुळवण्यात दिवस जातात. त्याला कुणी ‘प्रतीक्षा काळ’ म्हणत नाही, इतकंच.

आपल्याकडेच एक चांगला नमुनाही आहे. कामगार विमा योजनेत, म्हणजे ‘ईएसआय’मध्ये, आजारपणाच्या रजेचे पैसे मिळण्यासाठी कामगाराने ठरावीक काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. पण वैद्यकीय उपचारांचा हक्क त्याला विमापात्र नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतो. पैशांसाठी थांबा, उपचारांसाठी थांबू नका, अशी ही विभागणी आहे. ओंटारियोने उपचारांबाबत २०२० मध्ये जे केलं, ते आपल्या कामगारांसाठी आधीपासून कायद्यात आहे.

काकांची औषधं मी नीट लावून दिली. मीठ किती, पाणी किती, रोज सकाळी वजन करायचं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच दाखवायचं, हे काकूंना समजावलं. मार्चमध्ये ते परत जाणार आहेत. हृदय पूर्वीसारखं होणार नाही, पण औषधांनी थोडी ताकद वाढेल अशी आशा आहे. उठताना काकांनी पाकिटातून ते कार्ड काढून दाखवलं. आता तिथे त्यांची तपासणी, इको, डॉक्टरांची भेट सगळं त्यावर होतं. मुलगा मात्र रुग्णालयाचं बिल अजून हप्त्याहप्त्याने फेडतो आहे.

“डॉक्टरसाहेब, निघायच्या आधी या वेळी गोळी बदलायची असेल तर आत्ताच बदला,” काका म्हणाले. मी कॅलेंडर पाहिलं, त्यांचं प्रेशर पुन्हा मोजलं आणि त्यांच्या विम्याची तारीख केसपेपरवर लिहून ठेवली.